लुडोविकासाठी मधली चाल

लिष्टेनहूट, ९ जानेवारी १९९४

कॉनराड,

तुझं पाकीट मिळालं. आधी कुणी उघडलेलं नव्हतं. या गोष्टीची मला अजून सवय झालेली नाही. पाकीट हातात आलं की मी त्याच्या कडा खिडकीच्या उजेडात धरून बघते. तू हसशील. हसायला तुझं काय जातं? तू पंधरा वर्षं श्टुटगार्टमध्ये आहेस. तू सरहद्द ओलांडून पश्चिमेला पळून गेल्यावर पोलीस इथे येऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसत, तुझ्या नाही.

पियानोच्या तिन्ही रचनांच्या प्रती पाहिल्या. शेवटच्या पानावर ‘ल. त्सा., लिष्टेनहूट, १८३४’ असं आहे. तू लिहितोस की ही आपल्या चर्चच्या मंडळीतली लुडोविका त्साइडलर. लाइप्त्सिगमध्ये मार्चअखेर या रचना वाजायच्या आहेत, तुमचं प्रकाशन त्या छापणार आहे, आणि त्याआधी मंडळीचा संग्रह सांभाळणारी म्हणून मी लिहून द्यायचं की हे संगीत तिचंच.

लुडोविका मला ठाऊक आहे. अविवाहित भगिनी राहायच्या त्या भगिनीगृहाच्या जेवणघरात तिचं चित्र आहे. त्याच्याखाली बसून आपण लहानपणी सूप प्यायलोय. एर्न्स्ट त्साइडलरची बहीण, मुलींना पियानो शिकवायची, एकदा सूरिनामच्या मिशनला गेली, हवा मानवली नाही म्हणून परत आली. एवढंच. त्साइडलर म्हटलं की इथे एर्न्स्ट. नाताळाआधीच्या आगमनकाळातलं त्याचं गाणं अजून गातो आम्ही. बहिणीने कधी चार ओळी रचल्या, असं मी बाबांच्या तोंडूनही ऐकलं नाही.

आणि कागद सापडले कुठे, तर म्हणे हॉलंडमध्ये झाइस्टला, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, खोकं भरून घेतलेल्या स्तोत्रांच्या तळाशी. झाइस्टलाही आपली मंडळी आहे, सूरिनामला जाणारे तिथूनच जहाज गाठत, हे मला मान्य. गोष्ट चांगली जुळते. मला खटकतं ते हेच.

तुला सोळाव्या वर्षीची गंमत आठवत असेल. जुन्या धाटणीचं स्तोत्र रचलंस, कागद माल्ट कॉफीत भिजवून स्टोव्हवर वाळवलास आणि संग्रहाच्या कपाटात सरकवलास. बाबांना सापडलं. त्यांनी ते रविवारी ऑर्गनवर वाजवलं, आणि घरी येऊन म्हणाले, ‘असं आता कुणी लिहीत नाही.’ तू ताटात मान घालून बटाटे खात होतास. मी टेबलाखालून लाथ मारली तरी बोलला नाहीस.

म्हणून विचारते, कॉनराड. हे तूच लिहिलंयस का?

हेडविग

—

लिष्टेनहूट, २३ जानेवारी

कॉनराड,

पत्राचं उत्तर न देता तू बाईच पाठवून दिलीस. ठीक.

डॉक्टर फ्राउके बेन्सेन हॅम्बुर्गहून लाल गाडीने आल्या. बूट चांगले होते. जेवायला मी बटाटे, क्वार्कचं मऊ चीज आणि जवसाचं तेल ठेवलं. त्यांनी तेल हुंगून, चाखून पाहिलं.

“हे असंच कडू लागतं का?”

“असंच.”

“म्हणजे जुनं झालेलं नाही?”

“बेन्सेनबाई, तुम्ही फार संशयी आहात,” मी म्हटलं. त्या मोकळेपणाने हसल्या आणि दोनदा वाढून घेतलं. माणूस वाईट नसावं. पण चांगल्या माणसालाच फसवणं सोपं असतं, हे मी आपल्या घरात पाहिलंय.

मी विचारलं, “माझा भाऊ तुम्हाला किती दिवस ओळखतो?”

“तीनेक वर्षं. मी विस्मरणात गेलेल्या स्त्री संगीतकारांवर काम करते, हे त्याला ठाऊक होतं.”

“म्हणजे तुम्हाला काय हवंय ते त्याला आधीपासून ठाऊक होतं.”

त्यांनी काटा खाली ठेवला. “तुमचा रोख कळला. पण मला हवी तशी वस्तू मिळाली, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.”

“खरीही ठरत नाही.”

“म्हणून तर तुमच्याकडे आले, क्लिंगहार्टबाई. मला हो म्हणणारे पुष्कळ आहेत.”

मग त्या एकट्याच दफनभूमीत, आपल्या देवाच्या शेतात, लुडोविकाचं थडगं पाहायला गेल्या. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी पाहायला गेले, तर बाई बर्फात एर्न्स्ट त्साइडलरच्या दगडाभोवती फिरतायत. भावाशेजारी बहीण असेल असं त्यांनी धरलेलं. म्हटलं, आमच्यात भाऊबहीण, नवराबायको मेल्यावर शेजारी झोपत नाहीत. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. त्यातही मुली, अविवाहित, विवाहित, विधवा, ज्याचा जो गट त्यात, ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने. दगड सगळे सारखे. त्यांना हसू आलं. “म्हणजे घर सुटलं तरी गट सुटत नाही.” मी त्यांना बायकांच्या बाजूला नेलं आणि बर्फ झटकला. लुडोविका त्साइडलर, अविवाहित भगिनी, १८०४ ते १८५८. त्यांनी फोटो काढला.

अक्षर जुळवण्याची गोष्ट त्यांनी काढली. तो मार्ग बंद आहे. त्या काळी भगिनीगृहाच्या शाळेत सगळ्या मुलींकडून एकच वळण घोटून घेत. कपाटातल्या शंभर प्रती एकाच हातच्या वाटतात. हे तुला ठाऊक आहे. खोटं करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय?

आता मुद्द्याचं. बाई गेल्यावर मी त्या काळातलं जाड गीतपुस्तक काढलं. त्याच्या शेवटची कोरी, स्वरांच्या रेघा आखलेली पानं कापून नेलेली आहेत. पात्याने, सरळ. नव्वद साली सरहद्द उघडल्यावर तू आलास तेव्हा ‘जुना वास घ्यायचाय’ म्हणत दुपारभर त्या कपाटापाशी एकटा होतास. किल्ली मीच दिली होती.

कागद तुझ्याकडे, हात तुझा, आणि घेणारी बाईही तयार. मी सही का करू?

हेडविग

—

लिष्टेनहूट, ६ फेब्रुवारी

कॉनराड,

तुझं पत्र वाचलं. ‘हेडी, तू अजून पाळतीवर बसलेल्यांसारखी बोलतेस.’ हे वाक्य मी तुझ्या नावावर लिहून ठेवलंय. शिकवण्याची नोकरी माझी गेली होती, तुझी नाही. ऐंशी सालापासून भिंत पडेपर्यंत मी कारखान्याच्या कार्यालयात टंकलेखन केलं. पाळत कशी असते ते मला शिकवू नकोस. बाबा गेले तेव्हा परवानगी मिळाली नाही म्हणून आलो नाहीस, असं तू म्हणतोस. अर्ज केला होतास का, हे मी आजवर विचारलेलं नाही. आताही विचारत नाही.

आता ऐक. या आठवड्यात मी तिन्ही रचना बाबांच्या पियानोवर वाजवल्या. आधी फक्त डोळ्यांनी वाचल्या होत्या. चांगल्या आहेत, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढे राहून जाईल. दुसरी रचना तर अशी आहे की वाजवून झाल्यावर मी उठून चहा ठेवला आणि चहा तसाच राहिला. डावा हात पाण्यासारखा वाहत राहतो, उजव्याची बोटं वर काहीतरी बारीक विणत असतात, आणि दोन्हींच्या मध्ये, अंगठ्यांनी धरायचे लांब लांब सूर आहेत. पहिल्यांदा ते भरीचे वाटले. तिसऱ्यांदा मी नुसते अंगठ्यांचे सूर वाजवून पाहिले.

स्तोत्र आहे, कॉनराड. मधल्या आवाजात दडवलेलं. मग पहिली रचना तशीच वाजवली, मग तिसरी. पहिलीत आणि तिसरीत एकच चाल. दुसरीत वेगळी.

तुला पुढचं सांगायला नको. मंडळीत कुणी गेलं की आम्ही ट्रॉम्बोनवाले आपली पितळी वाद्यं घेऊन मनोऱ्यावर चढतो आणि तीन चाली वाजवतो. पहिली सांगते कुणीतरी गेलं. मधली सांगते कोणत्या गटातलं गेलं: अविवाहित बंधूंची चाल निराळी, अविवाहित भगिनींची निराळी, विवाहितांची, विधवांची, मुलांची. तिसरी म्हणजे पुन्हा पहिलीच. गावात कुणी हातातलं काम थांबवतं ते मधल्या चालीला. ती ऐकून कळतं कुणाच्या दारात जायचं.

म्हणजे या तीन रचना एका माणसाच्या मरणाची खबर आहेत. हे बेन्सेनबाईंना कळणं शक्य नाही. तुमच्या प्रकाशनात कुणाला कळणं शक्य नाही. हॉलंडच्या दुकानदाराला नाही. हे इथे वाढलेल्यालाच जमेल, ज्याने त्या चाली मनोऱ्यावर, थंडीत, ओठ फुटेपर्यंत वाजवल्यात. तू बारा वर्षांचा असल्यापासून माझ्या डाव्या हाताला उभा राहून दुसरा ट्रॉम्बोन वाजवायचास.

त्या बाईला हे सापडलं तर तिला केवढा मोठा पुरावा वाटेल! मला तो तुझ्याविरुद्धचा पुरावा वाटतो.

मधली चाल कोणत्या गटाची आहे हे मी मुद्दाम लिहीत नाही. बुधवारी संध्याकाळी जेवणाआधी फोन करीन. तेव्हा तू सांग.

हेडविग

—

लिष्टेनहूट, १० फेब्रुवारी

कॉनराड,

फोनवर झालं ते लिहून काढते आहे. नंतर तू म्हणशील मी असं बोललोच नव्हतो.

मी विचारलं, “मधल्या रचनेत कुणाची चाल आहे?”

तू म्हणालास, “कसली चाल?”

“सोंग नको. तीन रचना, तीन चाली. मनोरा.”

मग तू कागद आणायला गेलास. फोनचे पैसे माझे जात होते म्हणून मला तो वेळ लांब वाटला असेल. मागे तुझी बायको विचारत होती कोण मेलं म्हणून. मग कागद चाळल्याचा आवाज, मग तू म्हणालास, “अगं देवा. पहिली तर तीच आहे. हेडी, पहिली तीच आहे!”

“आणि मधली?”

“अविवाहित भगिनींची. दुसरी कुठली असणार? ती अविवाहितच होती.”

“बघून सांगतोयस की असंच?”

“बघायचं काय त्यात? थडग्यावर लिहिलंय, तूच तर बाईंना दाखवलंस.”

मी फोन ठेवला. रागाने नाही. मला बसायचं होतं.

ती अविवाहित भगिनींची चाल नाही, कॉनराड. विधवांची आहे. एकेक सूर विधवांचा.

मी रात्रभर नव्हे, पण जेवण होईपर्यंत याचा विचार केला. तू हे लिहिलं असतंस तर मधोमध अविवाहित भगिनींची चाल घातली असतीस. थडग्याशी जुळणारी. आपल्यातल्या कुणीही खोटं केलं असतं तर ते बरोबर केलं असतं. न जुळणारी चाल खोटं करणारा घालत नाही. हा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की तू फार हुशार आहेस आणि फोनवर चुकल्याचं नाटक केलंस. मी दुसरा अर्थही वहीत, म्हणजे डोक्यात, ठेवलाय. पण तुझं ते ‘अगं देवा’ मला ओळखीचं वाटलं. बाबांनी तुझं स्तोत्र वाजवलं त्या दिवशी तू गप्प होतास. खोटं बोलताना तू गप्प बसतोस.

आणखी एक. विधवांची चाल पक्की जुळते का पाहायला मी ट्रॉम्बोनवाल्यांचे सुटे कागद काढले. बाबांच्या अक्षरातले, सेहेचाळीस सालचे. युद्धानंतर कागद कुठेच मिळत नव्हता. माझा स्वतःचा कागद पालथा घातला, तर मागे जुन्या हाताने आखलेल्या रेघा, आणि कडेला शिवणीची भोकं. गीतपुस्तकाशी लावून पाहिला. तिथलाच. कोरी पानं बाबांनी कापली होती. ज्या पानांवरून मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला, ती पानं गेली तीस वर्षं माझ्याच स्टँडवर आहेत.

याबद्दल तू पत्रात काही लिहू नकोस. वाचायची इच्छा नाही.

पण सही अजून करत नाही. आता अडचण वेगळीच आहे. मधली चाल विधवांची आहे, तर मग हे संगीत एका विधवेचं, किंवा विधवेसाठीचं. लुडोविका अविवाहित. मग ‘ल. त्सा.’ म्हणजे भलतीच कुणी तरी असेल. बेन्सेनबाईंना ज्या नावाची घाई आहे ते नाव मी चुकीच्या बाईला दिलं, तर जिने हे खरोखर लिहिलं तिला दुसऱ्यांदा पुसल्यासारखं होईल. पुन्हा, या वेळी छापून.

हेडविग

—

लिष्टेनहूट, २७ फेब्रुवारी

कॉनराड,

बेन्सेनबाईंना मी चालींबद्दल सगळं सांगितलं. वाटलं होतं नाचतील. त्या म्हणाल्या, “म्हणजे आपल्याला बहुतेक बाई बदलावी लागेल,” आणि वही मिटली. या एका वाक्यावर मी त्यांच्यावरचा अर्धा संशय काढून घेतला. अर्धा आहे.

पण पुस्तकाच्या वेष्टनासाठी लुडोविकाचं चित्र साफ करायला माणूस आधीच ठरला होता. ग्योर्लिट्सचे नोआक, पन्नाशीचे, बोलायला कंजूष. ते परवा भगिनीगृहात आले. थेओडोरामावशी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, अजून तिथेच वरच्या मजल्यावर राहतात, आणि कुणी भिंतीवरचा खिळा हलवला तरी त्यांना खाली उतरावं लागतं. त्याही येऊन बसल्या. मीही बसले, कारण मला परक्या माणसाला चित्राजवळ एकटं ठेवायचं नव्हतं.

लुडोविकाचं चित्र तुला आठवतंच. पांढरी टोपी, हनुवटीखाली गुलाबी फीत. मुलींना लाल, अविवाहितांना गुलाबी, विवाहितांना निळी, विधवांना पांढरी. तू लहानपणी बायकांची नावं विसरायचास आणि फितीवरून हाक मारायचास.

नोआक काडीला कापूस गुंडाळून धूर आणि जुनं वार्निश काढत होते. चेहरा उजळला, टोपी उजळली. मग फितीवर आले, आणि कापूस गुलाबी झाला.

मी ओरडलेच. “थांबा! रंग काढताय तुम्ही!”

ते थांबले. “काढतोय खरा.”

“तुम्हाला धूर काढायला बोलावलंय. फीत पुसायला कुणी सांगितलं? बेन्सेनबाईंनी?”

“बाई,” ते अगदी शांतपणे म्हणाले, “मूळ रंग इतक्या सहज निघत नाही. हा नंतर चढवलाय. वार्निशवरून. खाली बघा.”

मी चष्मा लावला. त्यांनी नखाएवढी जागा मोकळी केली होती. खाली पांढरं होतं. कोरं कापड नव्हे, रंगवलेलं पांढरं, घडीची करडी सावली धरून.

“चित्रकाराने चूक सुधारली असेल,” मी म्हटलं.

“चित्रकार असा थापत नाही. हे दार रंगवणाऱ्याचं काम आहे.”

आणि मग मागून थेओडोरामावशी म्हणाल्या, “म्हणजे ती खरंच विधवा होती की काय?”

आम्ही दोघं वळलो. मावशी चहात पाव बुडवत होत्या.

“मावशी, तुम्ही काय म्हणालात?”

“माझ्या लहानपणी इथे म्हाताऱ्या बायका होत्या, त्या हिला ‘सूरिनामची विधवा’ म्हणायच्या. टिंगल होती ती. कुणी मुलगी फार तोऱ्यात चालली की म्हणत, बघा निघाली सूरिनामची विधवा.”

“टिंगल कशावरून?”

“लग्नावरून. तिकडच्या एका बंधूशी हिचं लग्न ठरवून दिलं मंडळीने. कधी पाहिलेला नाही, नुसता ठरवलेला. ही जहाजाने गेली. उतरली तेव्हा तो तापाने जाऊन आठवडा झालेला. कुणी म्हणे लग्न झालं आणि मग गेला. जिच्या तोंडून ऐकावं तिची गोष्ट वेगळी. ही परत आली ती पांढरी फीत बांधून. इथले वडीलधारे म्हणाले, लग्न नाही तर विधवा कसली? काढ ती फीत. झालं, एवढंच.”

“हे तुम्ही आजवर सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलं? आणि मेलेल्या बाईची टिंगल मी कशाला पुढे चालवू?” मग त्या चित्राकडे बघत राहिल्या. “फीत मात्र काढलेली दिसत नाही. निदान चित्रकारापुढे तरी.”

नोआकनी विचारलं, पुढे साफ करू का? मी त्यांना हो म्हणाले. संध्याकाळपर्यंत सबंध फीत पांढरी झाली. गुलाबी कुणी केली, कधी केली, कळायला मार्ग नाही. ती असतानाच केली असेल तर रोज जेवताना तिला ती समोर दिसत असेल.

आता मला जे वाटतं ते लिहिते, आणि तू ते बेन्सेनबाईंना जसंच्या तसं वाचून दाखव. लग्न झालं होतं का, मला ठाऊक नाही. मावशींचं सगळं ऐकीव आहे, आणि ऐकीव गोष्टीवर किती विसंबायचं हे मला कुणापेक्षाही जास्त कळतं. पण तिने स्वतःला काय मानलं ते चित्रात आहे. आणि फीत काढायला लावल्यावर तिला एवढं नक्की ठाऊक होतं की ती गेली की मनोऱ्यावरून गुलाबी फितीची चाल वाजणार. म्हणून तिने आपली चाल स्वतः लिहून ठेवली. पियानोत, दोन्ही हातांच्या मध्ये. शिकवणीच्या खोलीत रोज वाजवली तरी शेजारच्या बाईला कळणार नाही अशी.

तीन रचना लुडोविकाच्या आहेत. न जुळणाऱ्या चालीमुळेच.

हेडविग

—

लिष्टेनहूट, १६ मार्च

कॉनराड,

सही केलेला कागद सोबत आहे. नाव पूर्ण लिहिलंय, ‘ल. त्सा.’ नाही. छापताना कुठे ‘एर्न्स्ट त्साइडलरची बहीण’ असं घातलंत तर मी सही परत घेईन, आणि घेता येत नसेल तर वर्तमानपत्राला लिहीन.

उशीर झाला तो मंडळीच्या बैठकीमुळे. मी तिथे एवढंच मागितलं की नोंदीत तिच्या नावापुढे एक ओळ घालावी. पोलेंत्स अध्यक्ष आहेत. त्यांनी चष्मा पुसला.

“हेडविग, चित्रातल्या एका फितीसाठी आपण दीडशे वर्षांची नोंद बदलायची?”

“बदलू नका. खाली लिहा.”

“उद्या प्रत्येक जण येईल. माझी पणजी अमुक होती, माझा काका तमुक.”

“येऊ द्या. तुमचे काका काय होते?”

लोक हसले, ते चिडले. “त्साइडलर म्हटलं की एर्न्स्ट,” ते म्हणाले. “बहीण पियानो शिकवायची. आता बाहेरच्यांना बायका हव्या आहेत म्हणून आपल्याला बायका सापडायला लागल्यात.”

जानेवारीत मी तुला जे लिहिलं होतं, ते हेच होतं. अक्षरशः नाही, पण हेच. माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर किती किरटं वाटलं. मी वाद घातला नाही. मतं घेतली; ओळ घालायची नाही असं ठरलं.

पण मनोऱ्यावर काय वाजवायचं हे बैठकीत ठरत नाही. ते ट्रॉम्बोनवाले ठरवतात, आणि ट्रॉम्बोनवाले माझ्या हाताखाली आहेत. मी पाचही जणांना विचारलं. नाही म्हणायची मोकळीक दिली. माटेस, तो बेकरीवाला, त्याने फक्त विचारलं, “थंडी असेल का?”

“असेल.”

“मग अकरा वाजता. तोवर पाव भाजून होतात.”

काल मंगळवार. अकराला आम्ही वर गेलो. खाली रस्त्यात नेहमीची माणसं, पिशव्या, सायकली. पहिली चाल सुरू झाली तसे सगळे थांबले. दारं उघडली. टोप्या निघाल्या. मी खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मधली चाल सुरू झाली आणि माझं लक्ष गेलंच.

विधवांची चाल ऐकून गावाने काय करावं? सध्या आजारी विधवा एकच: माटेसची आई, सगळ्या गावाची माटेसआजी. महिनाभर निमोनियाने अंथरुणाला खिळलेली. आणि तिचा मुलगा माझ्या शेजारी उभा राहून वाजवत होता, हे खालून कुणाला दिसत नव्हतं. पोलेंत्स टोपी हातात घेऊन माटेसच्या दाराकडे धावत निघाले. मागून दोन बायका, एक डोळ्यांना ॲप्रन लावून. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, कॉनराड. माटेसच्याही नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्याने सूर सोडला नाही.

चालीचा शेवटचा सूर संपत होता तेवढ्यात त्याच घराची वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली, आणि माटेसआजी रात्रीच्या टोपीत बाहेर वाकल्या.

“हेडविग! मी अजून इथेच आहे! कुणाला पोचवताय?”

रस्त्यावरचे सगळे वर बघायला लागले. पोलेंत्स तिच्या पायरीवर थबकले, एक हात दारावर.

मी कठड्यावरून ओरडले, “लुडोविका त्साइडलरला, आजी!”

“कोण ही? मला कशी ठाऊक नाही?”

“तुमच्या आधीची आहे! विधवा!”

आजींनी पोलेंत्सकडे पाहिलं, मग मनोऱ्याकडे.

“मग तिसरी राहिली की,” त्या म्हणाल्या. “वाजवा लवकर, मला खिडकी लावायचीय.”

आम्ही तिसरी वाजवली.

हेडविग